साडेदहाची कोरी ओळ

नारीन शहरातल्या दातांच्या दवाखान्यात मी माझ्या नंबराची वाट बघत होतो. नोंदवही सांभाळणारी नूरझात पांढऱ्या टोपीतल्या एका आजोबांशी बोलत होती.

“पोरी, दहाची वेळ माझी. साडेदहासमोर कोरं का?”

“ती अनारकान आजींची वेळ, आजोबा.”

“माझी म्हातारी तर वसंतातच गेली. सुनेनं फोन केला होता ना?”

“केला होता. नाव पुसलंय मी.”

“मग दुसऱ्या कुणाला दे. कुरणावरून दोघं एकदमच खाली यायचो, म्हणून तू पाठोपाठ लावायचीस. आता मी एकटाच.”

“तुमच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. वाचू?”

“वाच.”

“‘आजी जवळ बसल्या तरच तोंड उघडतात. नाहीतर खुर्चीतून उठून जातात.’”

“त्या मशीनचा आवाज सोसत नाही गं मला.”

“माहितीये. म्हणून साडेदहाची वेळही तुम्हालाच ठेवलीय, काम अकरापर्यंत, सावकाश. आत मी बसणार आहे. इथली वही माझ्यासोबतची बेगायिम बघेल.”

“हात धरशील?”

“धरीन की.”

“बघू इकडे. बर्फ आहे नुसता. तिचा उबदार असायचा.”

“थांबा मग. जरा गरम चहाचा वाडगा हातात धरून येते.”