शेकाची वीट

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, जामनेरहून इंदिराबाईच बोलतेय… अगं सुनंदा! माय गं, किती बारीक आवाज… धुळ्याच्या लाइनला खरखर फार… मोठ्यानं? तुझ्या आईला मोठ्यानं बोलता येतं का कधी?… हं, बोल बाळा.

पोट दुखतंय?… पाळीचं?… हो, हो… अगं ऐक ना. चमचाभर ओवा भाज, गुळाच्या खड्याबरोबर चावून खा, वर कोमट पाणी… खाल्लास? मग बाळंतशेपा उकळून… तेही झालं?… वीट तापवलीस? शाबास. फडकं दुहेरी घे, नाहीतर चटका बसेल… पोटावरच आहे? दाबून धर जरा.

मी? वाती वळतेय. आज संकष्टी ना… चंद्र दिसल्याशिवाय कशी जेवेन?… तुझे आबा मार्केटला गेलेत… हो, चातुर्मासाचा नेम तोच, चार महिने गावची वेस ओलांडायची नाही. म्हणून तर कानबाईच्या सणाला तुलाच इकडे बोलावलं…

थांब. कानबाईला तू इथे बाजूला बसली होतीस. नैवेद्याच्या रोटांना हात लावता आला नाही म्हणून रडलीस. त्याला दहाच दिवस झाले… मग आज पाळी कशी?… आणि फोनला शिवलीस कशी? झुंबरबाई त्या चार दिवसांत सुनेला बैठकीत पाऊल टाकू देत नाहीत… सुनंदा? खरं सांग.

कुठे दुखतंय नेमकं?… बरगडीखाली… डावीकडे…

कुणी मारलं?

… लाथेनं?… किती?… मोजल्या नाहीस. बरं… कशावरून?… भाजीत मीठ जास्त… आणि सासू?… तिथेच शेंगा फोडत होती.

काढ ती वीट! आधी काढ! मुक्या माराला शेक देतात का? आत रक्त फुटलं तर?… दाबून धर म्हणाले मी! जळो माझी जीभ… काढलीस? कुठे ठेवलीस?… पायाशी. असू दे. पोटाला हात लाव, कडक लागतंय?… चक्कर येते?… शेजारच्या धापूबाईंना हाक मार, दवाखान्यात जा आत्ता… का?… बाहेरून कडी?… तुला कोंडून नवरा त्याच्या आईला देवळात घेऊन गेलाय? संकष्टीला?… गजानना, बघतोयस ना.

अगं, खोटं कशाला सांगितलंस मला?… माझा नेम मोडेल म्हणून?… वेडे!

काय वाजलं?… कडी?… आला? फोन ठेवू नकोस. नंदा…

हॅलो… जावईबापू का? नमस्कार… काही नाही, पोटदुखीचं औषध सांगत होते… हो, बायकांचंच दुखणं… तिला द्या ना जरा फोन… एकच मिनिट… अहो, ती ओरडतेय… केस सोडा तिचे! अभिमन! सोड! अरे, बठ्ठं आयकी लिधं मी! सगळं!

हॅलो! हॅलो!… माय माय माय… नंदे! ऐकू येतंय का? मी ओरडतेय, मी! वीट! पायाशी वीट आहे! फडक्यानं धर नि घाल! नवरा म्हणून बघू नकोस! मुंगीवर पाय न देणारी तुझी आई सांगतेय, तोंडावर घाल! उचल! पाप माझ्या माथी! घाल!

…

हॅलो?… कोण विव्हळतंय?… नंदे, तू नाहीस ना?… तू नाहीस. तू नाहीस… कुठे लागली?… जबड्याला. शिव्या देतोय? मग जिवंत आहे मेला… रडू नकोस, नंतर रड. दार उघडंय ना? सासू कुठे?… देवळातच थांबली? बरं झालं. चप्पल शोधू नकोस. धापूबाईंच्या घरात शीर, आतून कडी लावा. त्यांच्या मालकांना रिक्षा आणायला सांग, सरळ दवाखाना. आणि तिथे पाळीचं दुखतंय म्हणालीस तर माझी शपथ आहे तुला! लाथ म्हण. नवऱ्यानं मारली म्हण. नाव सांग त्याचं.

मी?… निघाले. अकराची गाडी मिळेल… मोडला तर मोडला नेम. उरलेल्या वाती गजानन वळेल, चार हात आहेत त्याला… उठतोय तो?… वीट कुठाय?… उचल. हातातच ठेव. गार झाली तरी वीटच असते ती… पळ, माय, पळ!