झुकलेला शिक्का

...आणि वर म्हणतात, तुमच्या कंपनीत कामंच होत नाहीत! अहो, होतात! पण मुरत मुरत होतात. सोयासॉस करतो आम्ही, तुम्हाला सांगतो, तो काय चहा आहे, टाकला, उकळला, गाळला? आमच्याकडे प्रत्येक प्रस्ताव टेबलाटेबलावरून फिरतो, प्रत्येकाने आपला शिक्का मारायचा, आणि कसा? साहेबाच्या शिक्क्याकडे जरासा कलता! जणू वाकून नमस्कार करतोय. हसू नका! शिक्का झुकला पाहिजे म्हणजे पाहिजे!

तर टोकियोहून नवे संचालक आले, त्सुगेसाहेब. बूट असे चकाचक की त्यात आमची सॉस मुरवायची लाकडी पिंपं दिसावीत. त्या पिंपांकडे बघून म्हणतात कसे, "ही लाकडं फोडा! स्टीलच्या टाक्या आणा!" अहो, आमची चव त्या लाकडात मुरलेली, पणजोबांच्या काळापासून. पिंपं गेली की चव गेली, चव गेली की आम्ही गेलो! पण मी कोण? कागद तपासणारा कुरामोची. संचालकांना नाही कोण म्हणणार?

आणि आला प्रस्ताव माझ्या टेबलावर. बघतो तर काय... त्सुगेसाहेबांचा शिक्का ताठ! मालकांच्या रकान्याशेजारी खांबासारखा उभा! दिला परत.

"अहो कुरामोची, ठसा उमटलाय ना?"

"उमटलाय साहेब. पण ताठ उमटलाय."

"मग?"

"शिक्का झुकला पाहिजे."

लालबुंद झाले! पुन्हा कागद, पुन्हा सगळ्यांचे शिक्के. या खेपेला रागाने असा मारला की शिक्का झिंगून आडवा पडल्यासारखा! परत! मग आमच्या विभागप्रमुख निशिओकाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, त्यांच्याशिवाय कागद हलेना... उन्हाळा सरला, आणि तेवढ्यात पलीकडच्या गावातल्या कारखान्याचा स्टीलच्या टाकीतला सॉस बाजारात आला. त्सुगेसाहेबांनी टोफूवर घालून चाखला. चव कसली, नुसतं खारट पाणी! वाटी बाजूला सारली. मग हळूच म्हणाले, "कुरामोची... बरं झालं हो, उशीर झाला."

सांगा आता! घाई असती तर पिंपं चुलीत गेली असती! मला इतका अभिमान वाटला, इतका वाटला, की डोळ्यांत पाणीच आलं. प्रस्ताव मागे घ्यायलाही सगळे शिक्के लागले, ती गोष्ट वेगळी.

परवा त्यातलंच सगळ्यात जुनं पिंप गळायला लागलं. बांबूचं कडं नवं घालायचंय, एवढंच. मी ऐटीत अर्ज लिहिला, शिक्का मारला, पाठवला. त्सुगेसाहेब स्वतः परत घेऊन आले, गालातल्या गालात हसत.

"कुरामोची, तुमचा शिक्का ताठ आलाय."

आलाच होता हो! छाती फुगलेली, हात कसला झुकतोय? घेतला कागद परत. मीच शिकवलंय! आता अर्ज फिरतोय पहिल्यापासून, पिंप गळतंय थेंबथेंब, आणि खाली बादली लावलीय... माझ्या घरची. कंपनीची घ्यायची तर तिलाही शिक्के लागतात!