ब्रेक सैल करणं आणि काढून टाकणं

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आमचे संचालक साहेब, आणि दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांबद्दल चार शब्द बोलावेत असं मला सांगण्यात आलं. ते चांगलेच असावेत अशी अट कोणी घातली नाही, याबद्दल आयोजकांचे आभार.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या शोधाचा गौरव केला. आपल्या रक्तातल्या बी पेशी रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवतात आणि त्यांच्या आत एक ब्रेक असतो. लस देताना तो थोडा वेळ सैल केला, तर म्हाताऱ्या उंदरांतही भरपूर प्रतिपिंडं तयार होतात. शोध मोठाच आहे, पण तो साहेबांचा कधीपासून झाला? तो आमच्या मावशींचा. प्रयोगशाळेत सर्वांत ज्येष्ठ, म्हणून मावशी. “या वयात नसते उद्योग कशाला?” असं साहेब त्यांना सगळ्यांदेखत विचारायचे. निकाल हाती आले आणि साहेबांचा सूरच बदलला.

त्यांना आणखी मोठे आकडे हवे होते. त्यांनी औषध देऊन ब्रेक कायमचाच काढायला लावला. आकडे वाढले, पण उंदीर लंगडू लागले, कारण प्रतिपिंडं त्यांच्याच सांध्यांवर उलटली होती. बैठकीत मावशी म्हणाल्या, “साहेब, हे उंदीर शोधनिबंधात दाखवावे लागतील.”

“चार लंगड्या उंदरांपायी मी माझं नाव घालवू?”

“मग त्यातून माझं नाव काढा.”

साहेबांनी नाव काढलं, उंदीरही काढले. पुढच्याच आठवड्यात मावशींच्या कार्डाने दार उघडेना. त्यांचा चष्मा आणि डबा मी बाहेर नेऊन दिला.

आता साहेब ज्या कंपनीत सल्लागार म्हणून जाणार, तिथे ब्रेक कायमचा काढणारं हेच औषध वयस्कर माणसांना देऊन बघायचं ठरलं होतं. माझे वडील हौसेने नाव नोंदवून आले. म्हणून त्या उंदरांच्या सांध्यांची मीच काढलेली छायाचित्रं मी कंपनीच्या सुरक्षा समितीला पाठवली. होय साहेब, मीच. बसा ना, आभारप्रदर्शन व्हायचंय अजून. दुपारी समितीचं उत्तर आलं. चाचणी थांबली आहे. सोमवारी समितीपुढे मावशी बोलतील.

मला इतका वेळ दिल्याबद्दल अध्यक्ष महोदयांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. साहेबांना मात्र ही विनंती नाही. त्यांनी आजवर पुष्कळ पोटात घातलं आहे.