त्याच्या हातचा जोड

हळू बोला साहेब, ही आत पडलीय — हो, कळलं, तुम्ही दुरुस्तीच्या जहाजावरचे, समुद्राखालची विजेची केबल बिघडलीय आणि बिघाड नेमका माझ्या मुलाने केलेल्या जोडात आहे. कापून वर काढा की. मला कशाला विचारता? — असं होय. सदऱ्याची पट्टी. म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे. केबल जोडणारी सगळीच पोरं करतात ते, वरून पोलादी तारा चढवण्याआधी आपल्या जुन्या सदऱ्याची एक पट्टी आत गुंडाळतात, आणि तुम्ही साहेबलोक तेवढ्यापुरते दुसरीकडे बघता. त्याची निळी होती. हिनेच फाडून दिली — “नवा फाडू नकोस रे, आल्यावर घालशील.”

आला नाही. जोड पाण्यात सोडला आणि परतताना लाटेने त्याला जहाजावरून नेलं. काही मिळालं नाही, साहेब, टोपीसुद्धा नाही. तेव्हापासून दिवा लागला की ही म्हणते, आला बघा पोरगा — पलीकडच्या देशातली वीज त्याच्या हातच्या जोडातूनच येते ना इकडे. मी हसायचो. हसतोय कसला, बटण दाबलं की मीही जरा दाराकडे बघत थांबायचो, दारात चपला काढायला त्याला वेळ लागेल म्हणून.

आठवडाभर बंद आहे म्हणता केबल? दिवा तर लागतोय — हो, दुसरीकडूनही वीज येते, तेवढं कळतं मला. पण काल दिवा लागला, ही म्हणाली, आला. आणि मला पाऊल वाजलेलं ऐकू आलं, साहेब. केबल बंद असताना. मग तो आला कुठून?

पट्टी आणून देतो म्हणता, चांगल्या मनाने म्हणता. पण वस्तू घरी आली की माणूस गेला असं होतं. हिला सोसायचं नाही — म्हणजे, हिचं काय, हिने कधीच मन घट्ट केलंय. माझं तोंड बघून, माझ्यासाठीच म्हणते ती, आला. मागे एकदा म्हणाली, त्याची एखादी चिंधी हाती लागली असती तर रडून मोकळी झाले असते...

नको. पाण्यातच सोडा ती.

उठली वाटतं. — कोणी नाही गं, वाट चुकलेला माणूस आहे. निघालाच तो.

निघा साहेब.