न निघणारा मळ

मंडळी, टाळ जरा हळू. आवाज बसलाय माझा. एकच विचारते — दुसऱ्याच्या अंगावर डाग दिसला, की आपण आधी काय करतो? चौकशी करतो, की नावं ठेवतो? उत्तर नको. गोष्ट ऐका.

पाटणच्या अलीकडं एका गावात बयाबाई शेलार राहायची. स्वच्छतेचा भारी तोरा! तांब्याचा गडू असा घासायची, की त्यात बघून कुंकू लावावं. घरात सून, कुंदा. आषाढ लागला तशी त्या कुंदाची मान काळी पडायला लागली. नुसती काळी नाही हो — जाड, सुरकुतलेली. पोरगी वाळत चाललेली, दोन घासांत पोट भरलं म्हणायची. बयाबाईला दिसली फक्त मान! आंघोळीचा आळस, जेवणाची नाटकं — शेजारणीला ऐकू जाईल असं बोलायची. तुमच्या ओसरीवर नाही ना बोलत कुणी? हसा, हसा.

गौरी जेवणाच्या दिवशी तिनं बजावलं, असली मान घेऊन नैवेद्याला शिवायचं नाही. स्वतःच डाळीच्या पिठात दही कालवलं, सुनेला न्हाणीत बसवलं आणि लागली घासायला. कुंदानं मान पुढं केली. भांडायला अंगात बळ तर हवं!

पण मळ कसा असतो, मंडळी? घासला की वळ्या निघतात. इथं काही निघेना. बोटांना मखमल लागावी तसं लागत होतं. बयाबाईनं तिचा हात उचलला — काखेतही तेच. आणि हात केवढा हलका! बयाबाई थांबली.

"कधीपासून गं हे?"

"तुम्ही पहिल्यांदा बोललात ना आत्या, त्याच्याही आधीपासून."

त्या दिवशी नैवेद्य शेजारणीनं दाखवला. बयाबाई सुनेला घेऊन कराडच्या एसटीत बसली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान बहुतेकांची वजनानं, साखरेनं काळी पडते. पण वाळत चाललेल्या माणसाची अशी झपाट्यानं पडली, तर आत बघावं लागतं. दुर्बीण घातली. जठरात गाठ. कॅन्सर.

ऑपरेशन झालं. औषधं अजून चालूच आहेत. पुढचं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत, मीही सांगणार नाही.

एका दुपारी दवाखान्यात बयाबाई ओल्या फडक्यानं तिची मान पुसत होती, अगदी हलक्या हातानं.

"निघतंय का हो, आत्या?"

"मळ नव्हताच गं तो," बयाबाई म्हणाली, आणि पुसत राहिली.

दमलात ना? मीही दमले. घरी गेलात की आपल्या माणसाच्या मानेवरून, पाठीवरून हात फिरवा. घासू नका, नुसता फिरवा. काही बदललेलं लागलं, तर विचारा आणि दवाखाना गाठा. आता हात जोडा, आणि माझ्यामागून म्हणा — देवा, जीभ दिलीस ती पुरे झाली, आता बघायला शिकव.