उतारावरचे अकरा जण

(डोंगरावरच्या वस्तीकडे जाणारा चढ. सकाळची वेळ. दोघं चालत वर निघालेत. एकाच आखूड दोरीची दोन टोकं दोघांच्या हातात.)

प्लंबर: थांबा ताई. जरा थांबूया.

ताई: दम लागला?

प्लंबर: छे. बुटाची नाडी सुटलीय.

ताई: भाऊ, तुम्ही चपला घालून आलात. मघापासून फटफट वाजताहेत.

प्लंबर: तुमच्यापुढे थाप मारायची सोय नाही. बरं, लागला दम. शंभर पावलांत लागला. तीन महिन्यांपूर्वी हाच चढ आपण रोज सकाळी दोनदा पळत होतो.

ताई: इथे कठडा असायचा. आहे ना? मग बसा. घर जळून गेलेल्या बाईला कसली घाई? वर जाऊन थोडंच चहाचं आधण ठेवायचंय?

प्लंबर: असं बोलू नका.

ताई: का? रडून बोललं तर चालतं, हसून बोललं की लोकांना टोचतं. त्यापेक्षा सांगा, काय दिसतंय?

प्लंबर: काळं. डोंगराची वरची सगळी बाजू काळी. झाडांची नुसती खोडं उभी आहेत. या अंगाची नऊ-दहा घरं गेलीत. मधेच एक निळ्या दाराचं अख्खं उभं आहे. बाहेर कपडे वाळत घातलेत.

ताई: कपडे वाळत घातलेत? बरं झालं. कुणाचं तरी राहिलं.

प्लंबर: ताई, मला एक सांगायचंय. म्हणूनच मी आज येतो म्हणालो.

ताई: ते मला कालच फोनवर कळलं. दर वाक्यानंतर 'बाकी ठीक' म्हणत होतात.

प्लंबर: डॉक्टरांनी वर्षभर पळायला बंदी केलीय. धुरानं फुप्फुसं आतून होरपळलीत म्हणाले. नंतर तरी पहिल्यासारखं होईल का, तर बघू म्हणाले. आणि तुमची स्पर्धा दोन महिन्यांवर आली. सोबत धावणारा नसेल तर तुम्हाला मैदानात उभंच करणार नाहीत. म्हणून मी माझ्या भाचीला विचारलं. कॉलेजात पंधराशे मीटर पळते. तयार आहे ती.

ताई: कोण, ती बडबडी?

प्लंबर: बडबडी आहे, पण पाय हलका आहे. आणि तुमच्याबरोबर पळायला बडबडंच माणूस हवं. माझं कसं, मी 'खड्डा' म्हणेपर्यंत तुम्ही खड्ड्यात.

ताई: चार वर्षांत एकदाच पडले.

प्लंबर: दोनदा.

ताई: दुसऱ्यांदा तुम्ही पडलात, मी तुमच्यावर पडले. ते माझ्या खात्यात धरू नका. भाऊ, तुम्ही मला कसे सापडलात, आठवतं?

प्लंबर: न आठवायला काय झालं? तुमचा स्वयंपाकघरातला नळ गळत होता. वॉशर बदलायला आलो होतो.

ताई: अवजारांची जड पिशवी घेऊन हा एवढा चढ चढून आलात, दारात उभं राहून 'नळ कुठंय' म्हणालात, आणि श्वास जागच्या जागी. मी मनात म्हटलं, हा पळणारा माणूस आहे. सहा महिने मी जोडीदार शोधत होते. तो नळाला आला.

प्लंबर: आमची ही अजून म्हणते, त्या नळाचे आभार मान. तो गळला नसता तर तुझं पळणं बसच्या मागेच संपलं असतं.

ताई: तुम्ही तुमचं सांगितलंत. आता माझं ऐका. त्या दिवशीचं आहे.

प्लंबर: राहू द्या ना ते.

ताई: नाही राहत. रविवार होता. आपण पळून आलो, तुम्ही ओट्यापाशी पाणी पीत होतात. वास मला आधी आला.

प्लंबर: मी म्हणालो, कुणी पालापाचोळा जाळत असेल.

ताई: पाच मिनिटांत वारा फिरला.

प्लंबर: दार उघडलं तर बाहेर काही नाहीच. रस्ता नाही, समोरचं घर नाही. धुरात स्वतःचा हात दिसेना. डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. खरं सांगतो ताई, वाटलं, दार लावून घरातच बसावं.

ताई: बसलो असतो तर आज दोघांचे फोटो भिंतीवर असते. तीही भिंत दुसऱ्याची.

प्लंबर: तुम्ही म्हणालात, 'मला रोज एवढंच दिसतं. दोरी धरा आणि चला.'

ताई: रस्ता माझ्या पायांत होता. दारापासून बारा पावलं, मग डांबर. उताराला लागलं की डाव्या बुटाखाली कडेची खडी खरखरते, ती सोडायची नाही. दुसऱ्या वळणावर गटाराची जाळी वाजते. तिसऱ्याच्या पुढे छोटा पूल, तिथे पावलाचा आवाज पोकळ होतो. मग शाळेचं मैदान. तिथे नुसती माती, जळायला काही नाही. एवढंच.

प्लंबर: एवढंच म्हणता. डाव्या अंगाला झाडं फुटत होती. गाल भाजत होता.

ताई: निघायच्या आधी तुम्ही टॉवेल ओला करून माझ्या तोंडाला बांधलात. मी विचारलं, तुमचं काय? तुम्ही म्हणालात, दोन होते, मीही बांधलाय.

प्लंबर: हो.

ताई: एकच होता.

प्लंबर: ते तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं?

ताई: कुणी सांगायला कशाला हवं? तोंडावर फडकं असलं की आवाज दबतो. तुमचा स्वच्छ येत होता. दाराबाहेर पडल्यावर तुम्ही पहिला शब्द बोललात आणि मला कळलं. आणि मी गप्प बसले. बोलले असते तर तुम्ही मागितला नसता, पण मला अर्धा फाडून द्यावा लागला असता. मी घाबरले होते, भाऊ. सगळे म्हणतात, काय धीराची बाई. त्या धीराच्या बाईने पूर्ण टॉवेल स्वतःकडे ठेवला.

प्लंबर: झालं बोलून?

ताई: झालं. तीन महिने हे सांगायचं होतं. फोनवर तुम्ही खोकलात की मला घास जायचा नाही. आता रागवा.

प्लंबर: रागवायला दम लागतो. डॉक्टरांची मनाई आहे.

ताई: भाऊ.

प्लंबर: बरं, नीट सांगतो. 'जाळी आली, आता उजवीकडे वळा' हे कोण सांगत होतं? तुम्ही. तुम्ही खोकायला लागला असता तर मला रस्ता कुणी सांगितला असता? घरभर पाणी झालं की मी आधी मेन कॉक बघतो, बादल्या मागाहून. तसं होतं ते. विचारबिचार काही केला नाही. जे आधी करायचं ते केलं.

ताई: म्हणजे मी मेन कॉक.

प्लंबर: चांगल्या अर्थानं म्हणतोय. आणि माझ्या घरी सहा वर्षांची पोर आहे. तिला बाप आहे तो तुमच्या पायांमुळे. आता तुम्ही टॉवेलचा हिशोब काढणार असाल तर मला हा हिशोब काढावा लागेल, आणि तो मला फेडता येणारा नाही. म्हणून दोन्ही मिटवू.

ताई: मिटवू. पण मी विसरणार नाही.

प्लंबर: नका विसरू. चला, उठतो. हळू चाला मात्र.

ताई: तुम्ही म्हणाल त्या चालीनं.

प्लंबर: भावाकडे कसं चाललंय?

ताई: दादा-वहिनी जीव टाकतात. पण खुर्ची रोज नव्या जागी असते. माझ्या नडग्या बघा, निळ्या-काळ्या झाल्यात म्हणे. भाऊ, लोकांचं घर जळतं तेव्हा कपाटं जातात, भांडी जातात. माझं जळलं तेव्हा मला दुसऱ्यांदा दिसेनासं झालं. त्या घरात मला सगळं दिसत होतं. मिठाची बरणी, खिडकीची कडी, सगळं. दादा म्हणतो, जागा विकून टाक, कायमची इकडेच राहा. म्हणून आज आले. पायांना विचारते, विकायची का.

प्लंबर: विचारा. आणि ताई, त्या दिवशी आपण दोघंच नव्हतो.

ताई: माहीत आहे. मागे कुणीतरी होतं. तिघं-चौघं असतील. एक बाई सारखी कुणाला तरी हाका मारत होती.

प्लंबर: अकरा.

ताई: अकरा काय?

प्लंबर: अकरा माणसं. मैदानात पोचल्यावर मी मोजली. माझा शर्ट बेकरीवाल्यानं धरला, त्याचा त्याच्या बायकोनं, तिचा पदर आणखी कुणी. 'जाळी आली', 'पूल आला', तुम्ही मला ओरडून सांगत होतात ना? ते ऐकून एकेक जण घरातून बाहेर पडत गेला आणि मागे लागला.

ताई: आपल्याला धरून अकरा?

प्लंबर: आपल्याला सोडून.

ताई: मला कुणीच सांगितलं नाही.

प्लंबर: तुम्हाला मैदानातून थेट दवाखान्यात नेलं, तिथून भावाकडे. लोक तुमचा पत्ता विचारत होते. मी म्हटलं, येतील त्या एक दिवस, तेव्हाच सांगू. आलं बघा. हा तुमच्या जागेचा कोपरा. आणि कुणीतरी बसलंय इथे.

बेकरीवाला: या, या. हळू. तिथे एक... म्हणजे... तुम्हाला कसं सांगायचं असतं?

ताई: 'उजवीकडे दगड आहे' असं सांगायचं.

बेकरीवाला: उजवीकडे दगड आहे.

ताई: सापडला. जमलं की तुम्हाला. बेकरीवाले ना? त्या दिवशी मागून पुटपुटत होतात, 'आता पोचू, आता पोचू'.

बेकरीवाला: मीच तो. ताई, सहा वर्षांपासून शेजारीण तुम्ही. रोज पहाटे भट्टी पेटली की तुम्ही दोघं दारावरून पळत जायचात. रोज वाटायचं, हाक मारावी, गरम पाव हातात द्यावा. पण तुमच्याशी काय बोलायचं, आणि चुकून भलतंच बोललं गेलं तर? म्हणून राहून गेलं. लाज वाटते आता.

ताई: वास मात्र रोज पोचायचा. त्यावर माझं घड्याळ चालायचं. पण हा खर्र खर्र आवाज कसला?

बेकरीवाला: चाळणीचा. दुकान गेलं, घर गेलं, मैद्याची ही मोठी चाळण तेवढी वाचली, लोखंडाची म्हणून. आधी आमची राख चाळली. बायकोचं एका कानातलं मिळालं. मग म्हटलं, ताईंची राख कोण चाळणार? म्हणून आम्ही सगळे पाळीपाळीनं येतो, त्या दिवशीचे. अकरांतले दहा जण चाळतात आणि एक आजी नुसत्या बसून चुका काढतात.

ताई: तुमची स्वतःची घरं उभी व्हायचीत, आणि तुम्ही माझी राख चाळताय?

बेकरीवाला: हात पुढे करा. दोन्ही. जड आहे.

ताई: गोळा आहे कसला तरी.

बेकरीवाला: पदकं असावीत. फिती जळाल्या, धातू वितळून एक झाला. द्यावं की न द्यावं, असं झालं होतं मला.

प्लंबर: सातही एकत्र.

ताई: नऊ. दोन तुमच्या आधीची. बघा भाऊ, पहिला नंबर कुठला आणि तिसरा कुठला, आता कुणाला सांगता यायचं नाही. एक ठीक केलं आगीनं. वहिनीला दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकवायला होईल.

बेकरीवाला: विकताय म्हणून ऐकलं जागा. तुमची मर्जी. पण आम्ही इथेच बांधतोय. छपराला पत्रा, झाडं घरापासून लांब, आणि दर चार घरांत एक मोठी टाकी. टाक्यांचं काम यांनाच दिलंय.

ताई: मला जरा फिरू दे. दोरी सोडा, भाऊ.

प्लंबर: पाया धड आहे. कडेकडेनं चाला.

ताई: हा उंबरा. इथून चार पावलं, ओटा. हो, ही त्याची कड. वळलं की फळी होती, मिठाची बरणी खांद्याच्या उंचीला. इथे तुम्ही पाणी पीत उभे होतात. सहा पावलं, कॉट. खिडकी या हाताला. हो, वारा येतोय. तिथूनच येतोय.

बेकरीवाला: ताई, रडताय का?

ताई: नाही हो. घर आहे इथे. मला वाटलं होतं काही नसेल. घर आहे. नुसत्या भिंतीच गेल्यात. दादाला आज सांगते, विकायची नाही. आणि बेकरीवाले, त्या दहा जणांना आणि आजींना माझा निरोप द्या. म्हणावं, तुम्ही माझं घर मला परत शोधून दिलंत. पहिला चहा सगळ्यांना इथे.

बेकरीवाला: पाव माझा.

ताई: दुसरीकडून विकत आणायचा नाही, तुमची भट्टी पेटली की आणायचा. तोवर थांबेन. आणि भाऊ, भाचीला म्हणावं, सोमवारी साडेसहाला खालच्या मैदानात ये. बडबड घेऊन ये.

प्लंबर: आणि मी काय करू?

ताई: शर्यतीच्या शेवटाला उभं राहायचं आणि ओरडायचं. मला तिकडे सरळ येता आलं पाहिजे.

प्लंबर: ओरडायला दम लागतो.

ताई: दोन महिने आहेत. तेवढा जमवा. आता मला सांगा, नळ आधी होता तिथेच बसेल का? इकडे या, बघा.

प्लंबर: बसेल की. पाइपाचं तोंड शाबूत दिसतंय. आलो, थांबा.

ताई: भाऊ, कुठून आलात?

प्लंबर: कुठून म्हणजे? सरळ आलो, इथून.

ताई: तिथे भिंत आहे.

प्लंबर: ताई, इथे भिंत...

ताई: परत जा. दारातून या. मी घरातच आहे.