जावई वायरमधले

...नाही, पण मला एक सांगा, गाडीत टेप बसवणारा माणूस आणि नावेला वाट दाखवणारा माणूस, ह्यात काही फरक आहे की नाही? तुम्हाला वाटतो ना? मलाही वाटतो. माझ्या सासरवाडीला वाटत नाही! इंदिरानगरला माझं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. टेप, स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, सीट कव्हर, झालंच तर डॅशबोर्डवर मान हलवणारा कुत्रा... बस. पण सासरवाडीत कुणाची मोटार जळो, मिक्सर बसो, डिशवर मुंग्या दिसोत, वाक्य एकच, "जावईबापू, तुम्ही वायरमधले ना." अहो, वायरमधले म्हणजे काय? मी काय तांब्याचा आहे?

आता सासऱ्यांचं ऐका. भिमाजी नाव, वय शहात्तर, धरणाच्या काठाला घर, आणि शेवंतीचा मळा कुठं, तर पाण्यापलीकडे. म्हणजे मळा पलीकडे गेला नाही हो, पाणी मधे आलं! धरण झालं तेव्हा हे शाळेत होते, मधलं सगळं शिवार बुडालं, अलीकडे घर राहिलं नि पलीकडे दीड एकर. रस्त्यानं जायचं तर एकोणीस किलोमीटरचा वळसा, नावेनं वीस मिनिटं. म्हणून ह्यांची फायबरची नाव, तिला मागं इंजिन, आणि त्या इंजिनाचा आवाज असा की पलीकडच्या काठावर मोर ओरडायचे थांबतात.

गेल्या मार्गशीर्षात, पहिल्याच गुरुवारी, धुकं पडलं. मार्गशीर्षातला गुरुवार म्हणजे घरोघर पूजा, फुलाला मागणी, अलीकडच्या काठावरून टेम्पो सातला निघणार म्हणजे निघणार. सासरे क्रेट घेऊन मळ्यातून सहाला निघाले. दोन तास नाव चालवली. काठ आला, समाधानानं उतरले... तर समोर त्यांचाच मळा! दोन तास गोल फिरून माणूस होता तिथंच. टेम्पो गेला, फुलं म्हशीनं खाल्ली, आणि तीही नाखुशीनं.

सासूबाई, अंबूबाई, बोलतात कमी, पण बोलल्या की तो निकाल असतो. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी एकदा जरी टेम्पो चुकला तर नाव विकायची, मळा तंबूवाल्याला द्यायचा. हा तंबूवाला म्हणजे शहरातल्या माणसांना पैसे घेऊन जमिनीवर झोपवणारा एक गृहस्थ. त्याला बाईंनी तारीखसुद्धा दिली, यंदाचा पहिला गुरुवार, सकाळी दहा, कागद घेऊन या. आणि सासरे? नुसते पाण्याकडे बघत बसले. त्या दीड एकरात त्यांचा जीव आहे हो. माणूस सणालासुद्धा नवं धोतर नेसून आधी मळ्यात जाऊन येतो. मला बघवेना. आणि नेमकं मला बघवेना तेव्हाच त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, बोटीचं यंत्र ऱ्हातं म्हणं. तुम्ही वायरमधले ना."

बायको, सुवर्णा, शेजारीच उभी. तिनं असं बघितलं की नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

मग काय, लागलो शोधाला. तुम्हाला सांगतो, नावेच्या यंत्रांची दुनिया म्हणजे लग्नाचा बस्ता. साडी घ्यायला गेलात की ब्लाउज पीस, फॉल, पिको, अस्तर, तसं हे. नकाशा दाखवणारा स्क्रीन घ्या, मग खोली मोजणारं यंत्र घ्या, मग दिशा सांगणारं होकायंत्र घ्या, मग हे तिघं एकमेकांशी बोलावेत म्हणून वेगळी केबल घ्या. मुंबईच्या डीलरला फोन लावला. एकदम गोड आवाज, "सर, आपली बोट कुठल्या समुद्रात आहे?" म्हटलं, नाशिकच्या. मग म्हणतो, "सर, नाशिकला... समुद्र?" म्हटलं, नाही, शेवंती आहे. त्यानं होल्डवर टाकलं, ते मी अजून होल्डवरच आहे.

शेवटी तिन्ही यंत्रं तीन ठिकाणांहून, तीन कंपन्यांची घेतली. सगळ्यात मोठी चूक! ही यंत्रं एका नावेत, एका फळीवर, खेटून बसवली तरी एकमेकांशी बोलत नाहीत. एकाची पिन गोल, दुसऱ्याची चपटी, तिसऱ्याची भाषाच वेगळी. अगदी एका चुलीवर तीन जावा! स्क्रीन आणि होकायंत्र ह्यांचं मी गाडीच्या वायरा जोडून कसंबसं जुळवलं. खोलीचं यंत्र काही केल्या ऐकेना. त्याला म्हटलं, तू वेगळा राहा बाबा, आणि एक छोटी बॅटरी देऊन कोपऱ्यात बसवलं.

स्क्रीन चालू केला, तर नाव शेतात! अहो, नकाशे सगळे समुद्राचे, आमचं धरण त्यांच्या गावीही नाही. त्यांच्या हिशेबानं सासरे पाण्यात नव्हतेच, जमिनीवरून इंजिन लावून चालले होते. सासरे स्क्रीन बघून म्हणाले, "खरं दावतंय की. शेतच हे ते." म्हटलं, असू द्या, उजेडात एकदा अलीकडून पलीकडे जाऊ, गेलेल्या वाटेची रेघ त्यात उमटते, धुक्यात त्या रेघेवरून यायचं. गेलो, आलो, रेघ उमटली. मी खूश. गावात बातमी, जावयानं पाण्यावर रस्ता काढला.

तेवढ्यात मेहुण्यानं, ज्ञानेशनं, खोलीच्या यंत्राची सगळी बटणं दाबून बघितली. कोपऱ्यात 'एफ ए' अशी अक्षरं आली. "दाजी, हे काय आलं?" म्हटलं, फॉल्ट असेल, एफ म्हणजे फॉल्टच, हात लावू नको. वायरमधला माणूस बोलला म्हटल्यावर विषय संपला.

आणि मग सासऱ्यांची फर्माईश. सकाळी नावेत भूपाळी पाहिजे. हे मात्र माझ्या हातचं काम होतं हो! इतके दिवस परक्या विषयात ठेचकाळत होतो, आता जरा हात दाखवू म्हटलं. दुकानातला सगळ्यात मोठा स्पीकर आणला, मोठ्या चुंबकाचा, त्याला ॲम्प्लिफायर, आणि मस्तपैकी बसवला... कुठं? होकायंत्राच्या शेजारी. हसू नका. गाडीत स्पीकरशेजारी उत्तर दिशा असते का? मला काय माहीत!

तर यंदाचा पहिला गुरुवार. आदल्या संध्याकाळी फुलं तोडून क्रेट भरलेले, मी, सासरे, ज्ञानेश पलीकडच्या खोपटात मुक्कामाला. पहाटे दार उघडलं, तर समोर काही नाही. धुकं म्हणजे... स्वतःचा हात स्वतःला परका. जॅकेटं चढवली, सहाला नाव सुटली, भूपाळी सुरू झाली, स्क्रीनवर रेघ, रेघेवर आमचा बाण. बाण म्हणतो डावीकडे वळा. वळलो. आता म्हणतो अजून डावीकडे. वळलो. ज्ञानेश म्हणतो, "दाजी, आपण फिरतोय." म्हटलं, यंत्रापेक्षा तुला जास्त कळतं का? तिसऱ्यांदा डावीकडे म्हणाला तेव्हा माझी नजर स्पीकरवर गेली. होकायंत्राची सुई उत्तरेला नाही, त्या चुंबकाला हात जोडून उभी! बरं, नुसती रेघ धरून जावं, तर भूपाळीत मृदंग वाजला की स्क्रीन बंद. वाजला की बंद. बॅटरी एक, खाणारी तोंडं तीन. स्पीकर तोडायला घेतला, तो ठिणगी उडाली, फ्यूज गेला, नि स्क्रीन कायमचा काळा. जादा फ्यूज? अलीकडच्या काठावर, माझ्या गाडीत. मोबाइल काढला, रेंज नाही, नुसत्या पांढऱ्यावर निळा ठिपका. बाहेरही पांढरं, आतही पांढरं.

सासऱ्यांनी इंजिन बंद केलं. साडेसहा झालेले. मला वाटलं आता बोलतील, चार शब्द सुनावतील, मी ऐकून घेतले असते हो. ते म्हणाले काय, "ऱ्हाऊ द्या जावईबापू. मळ्याचंच मन नसंल." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढ्या शांततेत कोपऱ्यात एकच दिवा चालू. खोलीचं यंत्र! वेगळं राहिलेलं, स्वतःची बॅटरी असलेलं, फॉल्ट असलेलं. त्यावर आकडा, साडेतीन. सासरे वाकले. नाव आपली वाहतेय, आकडा साडेतीन, साडेतीन, आणि एकदम पाच. पुन्हा साडेतीन. ते ताठ उठून बसले.

"साडेतीन परस पाणी... आन् मधीच पाच? ही तर आपली ईर हे!"

परस माहितीये ना? आपल्याकडे विहीर मोजतात ते. माणसाची उंची, सहा-एक फूट. मी म्हटलं, अहो मामा, ते परस नाही, तो फॉल्ट आहे, यंत्र बिघडलंय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! बुडालेल्या शिवारातली गाळानं निम्मी भरलेली विहीर, त्यांच्या वडिलांनी खणलेली, आणि हा माणूस वरून, धुक्यातून, आकड्यावरून तिच्याशी बोलत होता. म्हणाले, "इरीपासून घराकडं गाडीवाट निघती, दोन्ही अंगाला बांध. बांधावर आकडा कमी व्हईल, वाटंत जास्त. ज्ञाना, आकडा वाच."

इंजिन पुन्हा हळू सुरू, ज्ञानेश आकडा वाचतोय, सासरे सुकाणू धरून डोळे मिटून बसलेत. तीन... बांध आला, उजवीकडे घेतो. साडेतीन... वाटेत आहोत. सव्वातीन... हे सोमा आप्पाचं खळं. अडीच... इथं शाळेत जाताना चिंचा पाडायचो. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीवाटेनं शेवंतीचे चाळीस क्रेट निघाले हो! मी काय करत होतो? मी जळका फ्यूज हातात घेऊन बसलो होतो. सात वाजायला सहा मिनिटं असताना नाव टेम्पोसमोर लागली. फुलं गेली. सासऱ्यांनी काठावर बसून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि खरं सांगतो, मीही पुसले.

नंतर पुस्तिका वाचली. 'एफ ए' म्हणजे फॉल्ट नाही, फॅदम, समुद्रावरच्या लोकांचं खोलीचं माप, बरोबर सहा फुटांचं. म्हणजे गोऱ्या खलाशांचं परसच! अख्ख्या नावेत यंत्राची भाषा कळणारा माणूस एकच होता, आणि तो वायरमधला नव्हता.

दहाला तंबूवाला आला. त्याला चहा मिळाला, शेवंती मिळाली, सही नाही मिळाली. सासूबाई म्हणाल्या, नाव विकायची नाही, मळा द्यायचा नाही. सासरे हसले, आणि सुटलो एकदाचा म्हणून मी कधी नव्हे ते दोन लाडू खाल्ले. तिसऱ्या लाडवाला त्या म्हणाल्या, "पर धुक्याच्या दिवसांत रोज जावईबापू नावेत पायजेत."

म्हटलं, आत्याबाई, आता माझं काय काम? मामांना पाण्याखालचं सगळं पाठ आहे. काही चुकलं तर मी नेमकं काय करणार?

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी काय बी नका करू. निस्तं बसा. ह्ये हरावले तर मी येकली हुडकीत बसते. जावई हरावला म्हंजी सारं गाव होड्या घिऊन निघतं."

तेव्हापासून पहाटे साडेचारला इंदिरानगरहून निघतोय. स्पीकर काढला, होकायंत्र काढलं, स्क्रीनचा आता ताटासारखा उपयोग होतो... त्या नावेत कायमचं फिट असं काय बसलं असेल, तर मी.